ग्योतोकुतील बाळंतिणीची खोली

जपानहून परतलेल्या माणसाने चेरीच्या बहराविषयी लिहावे, अशी आमच्या परिचितांची अपेक्षा असते. आम्ही डिसेंबरच्या आरंभी गेलो आणि मार्चमध्ये, झाडांवर कळ्या दिसू लागण्याच्या सुमारास, परतलो. मधल्या काळात मी सर्वांत अधिक वेळ जी गोष्ट न्याहाळली ती एक खिडकी होती. ज्यांना तिकडे जाण्याचा योग आलेला नाही त्यांच्यासाठी त्या खिडकीची हकीकत लिहीत आहे.

जाण्याचे कारण आनंदाचे होते. आमची कन्या मृण्मयी आणि जावई अनिरुद्ध तोक्योच्या पूर्वेस, एदो नदीच्या पलीकडे, ग्योतोकु येथे राहतात. अनिरुद्ध एका संस्थेत माशांच्या पेशींवर संशोधन करतो; मृण्मयी संगणकाच्या कंपनीत आहे. त्यांनी तेथे चौथ्या मजल्यावर स्वतःचे घर घेतले आहे. मृण्मयीचे पहिलेच बाळंतपण फेब्रुवारीत अपेक्षित होते. त्याकरिता माझी पत्नी नलिनी हिने डिंक, ओवा, बाळंतशोपा आणि जुन्या सुती साड्यांची दुपटी अशी एक स्वतंत्र बॅग भरली होती. माझ्या बॅगेत कोरे कागद, टाचण्या आणि एक रिकामी फाईल होती. सहकार खात्यात सारी नोकरी गृहनिर्माण संस्थांचे उपविधी वाचण्यात गेल्यामुळे फाईलखेरीज मी परगावी जात नाही.

ग्योतोकु

बाहेरची थंडी सोसण्याजोगी होती. आकाश निळेभोर, वारा कोरडा, आणि सकाळी नदीवरच्या पुलावर गेल्यास दूरवर फुजी पर्वत दिसे. लोक सायकलींवरून स्टेशनाकडे निघालेले असत; एखाद्या सायकलीच्या पुढे एक आणि मागे एक अशी मुले बसवून एखादी आई भर वेगाने जाताना दिसे. स्टेशनाजवळच्या भारतीय दुकानात पोहे, कोकम आणि गोडा मसालाही मिळाला. नलिनीने तेवढ्यावरून गाव पसंत केले.

न सोसण्याजोगी थंडी घराच्या आत होती. आपल्याकडे माणूस घरात शिरला की थंडी संपते. तेथे बूट काढले की ती सुरू होई. दिवाणखान्यात हवा गरम करणारे यंत्र होते. परंतु खोलीतून उठताना ते बंद करण्याची शिस्त मृण्मयीने इतकी अंगी बाणवली होती, की मी पाणी पिण्यास स्वयंपाकघरात गेलो तरी मागे खोली गार होत असे. मधला बोळ म्हणजे बर्फाची वखार. त्या बोळाच्या टोकाला शौचालय, आणि तेथील बैठक मात्र विजेवर गरम केलेली! मी या विसंगतीकडे अनिरुद्धचे लक्ष वेधले.

"बाबा, इथे घर गरम करत नाहीत, माणूस गरम करतात," तो म्हणाला. "एनर्जी सेव्ह होते."

हे तत्त्व मला प्रथम पटले नाही. पुढे त्याची गंमत कळू लागली. बैठ्या मेजाखाली छोटी शेगडी आणि मेजावरून चहूबाजूंना सोडलेली रजई, तीत पाय घालून सारे कुटुंब बसते, त्याला कोतात्सु म्हणतात. एकदा पाय आत गेले की उठण्याचे नाव कोणी काढत नाही. नलिनी तीत बसून दुपट्यांना काठ शिवी, मृण्मयी संत्री सोली, मी वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिही. स्नानाचे गरम पाणीही तसेच. अंग बाहेर धुऊन घ्यायचे, मग टाकीत बसायचे, आणि निघताना टाकीवर झाकण घालायचे, म्हणजे तेच ऊन पाणी पुढच्या माणसाला मिळते. पहिल्या दिवशी मी सभ्यपणाने बूच काढून सारे पाणी सोडून दिले होते. रांगेत उभ्या असलेल्या जावयाने नवे पाणी भरावयास लावले.

घराच्या उत्तरेस एक लहान खोली आहे. ती बाळंतिणीची खोली ठरली होती. तोवर आम्ही दोघे तीत झोपत होतो. पहिल्याच रात्री माझ्या उशाशी गार वाऱ्याची एक बारीक धार सुरू झाली. भिंतीत, माझ्या डोक्याच्या वर, वाटीएवढा एक गोल झरोका होता आणि त्यावर प्लास्टिकचे झाकण. झाकण 'बंद' करूनही वारा थांबेना. गरम केलेली हवा ज्या घरात मोजूनमापून वापरतात त्या घराच्या भिंतीला भोक असावे, हा मला सरळ निष्काळजीपणा वाटला. दुसऱ्या दिवशी मी झाकण काढले, माझा तपकिरी मफलर घट्ट गुंडाळून त्या भोकात कोंबला आणि झाकण पुन्हा बसवले. वारा तत्क्षणी थांबला. घराची ऊर्जा वाचवण्यास आपलाही हातभार लागला, म्हणून मी समाधानाने झोपलो. हे मी कोणास सांगितले नाही. चांगल्या कामाची जाहिरात करण्याचा माझा स्वभाव नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात खिडकी रडू लागली. सकाळी पडदा सरकवला की साऱ्या काचेवर दव दाटलेले असे, ॲल्युमिनियमच्या चौकटीवरून ओघळ येत, आणि खालच्या खाचेत पाण्याचे तळे साचलेले असे. नलिनी ते पंच्याने टिपून बादलीत पिळी. लवकरच पडद्याआडच्या कोपऱ्यात भिंतीवर काळे ठिपके उमटले. तिने त्यांवरून बोट फिरवले, वास घेतला आणि म्हणाली, "बुरशी आहे ही. अहो, ह्या खोलीत ओली बाळंतीण ठेवायची? आणि ते एवढंसं बाळ?"

तिच्या आवाजातला घोर मला सहन झाला नाही. बाळंतिणीची खोली उबदार आणि कोरडी असावी, याहून अधिक आम्ही काही मागत नव्हतो. मी खिडकीचे परीक्षण केले. काच एकेरी, चौकट धातूची, हात लावताच चटका बसावा इतकी गार. दोष बांधकामाचा आणि जबाबदारी इमारतीच्या व्यवस्थापन मंडळाची, असा माझा निष्कर्ष झाला. मी फाईल काढली.

"बाबा, प्लीज," अनिरुद्ध म्हणाला, "ती आपली सोसायटी नाही. इथे असं पत्र कोणी पाठवत नाही."

"म्हणूनच खिडक्या अशा आहेत," मी म्हणालो.

"निदान 'अक्षम्य' हा शब्द काढा. जपानीत तो फारच वाईट वाटतो."

"तिथे मृण्मयीने योग्य तो शब्द घालावा. कलमे मात्र कमी होणार नाहीत."

मृण्मयीने कोतात्सुत बसून त्या पत्राचे जपानी भाषांतर केले. सर्व खिडक्या बाळाच्या आगमनापूर्वी मंडळाने बदलून द्याव्यात, अशी स्पष्ट मागणी त्यात होती. भाषांतर मुळापेक्षा बरेच लांब झाले. तिच्या म्हणण्याप्रमाणे वाढलेला सर्व मजकूर क्षमायाचनेचा होता. मी हरकत घेतली. ती म्हणाली, "बाबा, मला ह्याच लिफ्टने रोज जायचंय."

उत्तर पत्राने आले नाही. मंडळाचे अध्यक्ष स्वतः आले.

किकुची-सान, म्हणजे किकुचीसाहेब, माझ्याच वयाचे, सडपातळ, करड्या कोटातले, निवृत्त गृहस्थ. दाराशी बूट काढून ते त्यांनी बाहेरच्या दिशेने टोके करून नीट लावले, कमरेतून वाकून नमस्कार केला आणि कोटाच्या आतून एक फाईल काढली. मीही माझी काढली. आम्ही दोघे कोतात्सुच्या दोन बाजूंना बसलो आणि मृण्मयी मध्ये. अशा प्रसंगी समोर तोलाचा माणूस असला की मला फार बरे वाटते.

त्यांचे म्हणणे असे, की खिडकीची काच आणि चौकट ही इमारतीच्या बाहेरच्या अंगाचा भाग आहे. ती सर्वांच्या सामाईक मालकीची असल्यामुळे कोणा एका घरमालकाला बदलता येत नाही आणि अध्यक्षालाही बदलून देता येत नाही. तो निर्णय सर्वसाधारण सभेचा, आणि सभा वसंत ऋतूत.

"त्यांना सांग," मी म्हणालो, "बाळ सर्वसाधारण सभेसाठी थांबणार नाही."

मृण्मयीने सांगितले. किकुची-सान इतके मनापासून हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग गंभीर होऊन त्यांनी विचारले, की खोली पाहण्याची परवानगी मिळेल काय.

त्यांनी काच पाहिली, मान हलवली. काळे ठिपके पाहिले, ओठ आवळून आत हवा ओढली. मग, मला काहीसे अकारण वाटले, त्यांनी भिंतीतल्या गोल झरोक्यापुढे तळहात धरला. थोडा वेळ धरून ठेवला. पुन्हा एकदा माझी परवानगी मागून त्यांनी झाकण काढले आणि दोन बोटांनी आतले टोक धरून ओढले. मफलर बाहेर येऊ लागला. तो लांब आहे. ते ओढत राहिले आणि तो येत राहिला.

"अहो!" नलिनीला शेवटी वाचा फुटली. "हा मी विणलेला मफलर ना? विमानात राहिला म्हणालात!"

"राहिला असेल, असे म्हणालो होतो."

"भिंतीत कोंबलात? मी चार महिने विणला तो भिंतीत कोंबायला?"

मृण्मयी पदराने, म्हणजे ओढणीने, तोंड झाकून बाहेर पळाली, त्यामुळे काही काळ दुभाष्या उपलब्ध नव्हता. किकुची-सानांनी मफलर झटकला, व्यवस्थित घडी घातली आणि दोन्ही हातांनी मला परत दिला.

मृण्मयी परतल्यावर त्यांनी जे समजावले ते मी येथे थोडक्यात देतो, कारण ते प्रत्येक बंद घरात राहणाऱ्याला उपयोगी आहे. या घरांच्या भिंती फटी न ठेवता बांधलेल्या असतात. माणसांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ, वाळत घातलेले कपडे यांचा दमटपणा बाहेर जाण्यास मार्ग नसतो. म्हणून स्नानगृहातला पंखा अखंड फिरत असतो आणि तो जितकी हवा बाहेर टाकतो तितकी कोरडी हवा अशा झरोक्यांतून आत येते. ही व्यवस्था ठेवण्याचे बंधन तेथील कायद्यानेच बांधकामावर घातले आहे. झरोका बुजवला की दमट हवा खोलीतच फिरते आणि जी वस्तू सर्वांत गार तिच्यावर, अर्थात काचेवर, पाणी होऊन बसते. म्हणजे ज्या खिडकीविरुद्ध मी सात परिच्छेद लिहिले तिला रडवणारा मफलर माझाच होता, आणि कायद्याचा भंगही माझ्याच उशाशी चालू होता.

मी उभा राहिलो आणि झालेली चूक नोंदवून घ्यावी अशी विनंती केली. किकुची-सानही उभे राहिले. "परंतु," ते म्हणाले, "काच गार आहे, ही आपली तक्रार खरीच आहे. झरोका उघडल्यावर पाणी कमी होईल, जाणार नाही. मी मूळचा उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचा. इतका कुडकुडलो ते तोक्योत आल्यावर. तिकडे आमची घरे अशी नसतात."

त्यांचे खरे ठरले. ओघळ थांबले, तळे आटले; पण सकाळी काचेच्या खालच्या भागात दवाची एक पट्टी उरेच, आणि काळे ठिपके पुसले तरी त्या कोपऱ्याचा ओलसर वास जाईना. खोली पूर्वीपेक्षा गार झाली, हेही लपवता येत नाही. जानेवारी अर्धा सरला होता.

त्याच सुमारास अनिरुद्धला होक्काइदोतील सप्पोरो येथे परिषदेस जायचे होते. नलिनीने तत्परतेने सुचवले, "ह्यांनाही न्या. थंडीतली घरं कशी असतात ते एकदा बघून येऊ देत. आणि आम्हालाही जरा शांतता." किकुची-सानांना कळताच त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला फोन केला. ती सप्पोरोच्या पुढे असाहिकावा येथे एकटी राहते आणि पाहुण्यांची तिला आवड आहे.

असाहिकावा

सप्पोरोतील परिषद मी ऐकली नाही, म्हणून तिच्याविषयी लिहीत नाही. तेथून असाहिकावाकडे जाणारी गाडी मात्र आयुष्यभर लक्षात राहील. दोन्ही बाजूंना रंग म्हणून उरलेला नव्हता. शेते, कुंपणे, छपरे सारी एका पांढऱ्या पांघरुणाखाली. भूर्जाच्या झाडांचे बुंधेही पांढरे. नदीवरून मात्र वाफ उठत होती, जणू कोणी मैलभर लांबीचे पातेले उकळत ठेवले आहे. स्टेशनाबाहेर पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस ताठ झाल्याची जाणीव झाली. दुसऱ्या श्वासाआधी मी घसरून बसलो. अनिरुद्ध उचलायला धावला. एका शाळकरी मुलीने मला पाय कसे सपाट टाकावेत ते बदकासारखे चालून दाखवले. तेव्हापासून मी आणि माझा जावई असाहिकावाच्या रस्त्यांवरून बदकांसारखे चाललो.

किकुची-सानांची बहीण हारुए-सान भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. बाहेरचे दार उघडल्यावर घर लागले नाही. काचेची एक छोटी खोली लागली, तीत बर्फ झटकायचा, आणि ते दार लावल्यावरच आतले उघडायचे. आतले दार उघडले. मी सांगतो त्यावर वाचकांनी विश्वास ठेवावा: समोर पंचाहत्तरीच्या बाई अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून उभ्या होत्या. बाहेर सारे गोठलेले आणि घरात पुण्यातला फाल्गुन.

त्यांनी मला आपादमस्तक पाहिले आणि भावाला शोभेल अशा गांभीर्याने अनिरुद्धला काही विचारले. तो संकोचला.

"काय म्हणाल्या?"

"विचारतायत, मफलरवाले गृहस्थ हेच का."

मी गळ्यातला मफलर काढून त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून टाके पाहिले आणि एकच शब्द उच्चारला. अनिरुद्ध म्हणाला, "आईंचं कौतुक आहे ते. तुमचं नाही."

मी शाकाहारी आहे हे त्यांना आधीच कळवले होते. तेथील साध्या आमटीतही मासळीचा अर्क असतो, म्हणून ही बाब मी लेखी कळवतो. त्यांनी समुद्रातल्या शेवाळाच्या पाण्यात तांबडा भोपळा शिजवला होता, आणि लोण्याचा गोळा वितळत असलेला उकडलेला बटाटा प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवला. तसा बटाटा मी कोठे खाल्लेला नाही. वर खिडकीबाहेर बर्फ पडत असताना त्यांनी आइस्क्रीम काढले! हिवाळ्यात ते खाणे ही तिकडची रीतच आहे म्हणे. मी दोनदा घेतले.

साऱ्या घरात, बोळात, जिन्यावर, शौचालयात, एकच ऊब होती. शेगडी मात्र एकच, तीही मंद. मला हा चमत्कार वाटला. सकाळी आम्ही तिघे नदीकाठी फिरायला निघालो तेव्हा मी, ग्योतोकुत अंगवळणी पडलेल्या शिस्तीने, निघता निघता शेगडी बंद केली. परतल्यावर हारुए-सान दाराशीच थबकल्या, हवेचा वास घेतल्यासारखे केले आणि घाईने आत गेल्या.

"तुम्ही बंद केली?"

"वाचवावी म्हणून," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. शेगडी चालू करून त्यांनी आम्हाला घरभर फिरवले. भिंतींत हातभर जाडीचे कापसासारखे भरण. काचा तिहेरी, चौकटी धातूच्या नव्हेत. छताजवळ एक पेटी, तीत बाहेर जाणारी ऊन हवा आणि आत येणारी गार हवा शेजारून जातात आणि जाणारी हवा आपली ऊब येणारीला देऊन जाते. "माझ्या लहानपणी," त्या म्हणाल्या, "आमची आई रात्रंदिवस कोळसा जाळी आणि सकाळी फटीतून आलेला बर्फ रजईवर पडलेला असे. आग मोठी होती, घर गारच होते. तोक्योवाले शेगडी बंद करून वाचवतात. आम्ही ऊब जाऊ देत नाही. बंद केलीत तर नळ गोठतील आणि पुन्हा तापवायला दुप्पट लागेल ते वेगळेच."

माझ्या साऱ्या शंकांचे निरसन एका वाक्यात झाल्याचा अनुभव मला क्वचितच येतो. मी मान लववली.

फेरीच्या शेवटी त्या आम्हाला माडीवरच्या एका जुन्या खोलीत घेऊन गेल्या. तेथील खिडकी मात्र वेगळी होती. बाहेरच्या अंगाला नक्षीची, एकेरी, जुनी काच. तिच्या आतल्या बाजूस, वीतभर अंतर सोडून, दुसरी नवी खिडकी. "बाहेरची माझ्या सासऱ्यांनी स्वतः निवडली होती," त्या म्हणाल्या. "सारे घर नवे केले तेव्हा सुतार म्हणाला, काढून टाकू. माझे मन होईना. म्हणून तिला हात न लावता आतून दुसरी बसवली." त्यांनी आतली खिडकी सरकवली आणि मला जुन्या काचेवर तळहात ठेवायला सांगितला. तो क्षणात बधिर झाला. मग आतली लावून तिच्यावर ठेवायला सांगितला. ती काच गार नव्हती. दोन्हींमधली कोंडलेली हवा हीच तिची रजई होती.

मी तळहात तसाच ठेवून उभा राहिलो. त्या काय म्हणाल्या ते मनात पुन्हा वाचले: तिला हात न लावता.

"अनिरुद्ध, मृण्मयीला फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ता. बाहेरची खिडकी सामाईक मालकीची, मान्य. तिला आपण हात लावणार नाही. आतल्या अंगाला बसवलेली खिडकी कोणाच्या मालकीची? तिला म्हणावे, नियमावलीत घरमालकाच्या आतल्या भागाचे कलम काढ आणि मला शब्दशः वाचून दाखव."

मृण्मयीने वाचले. आतल्या भागात असा बदल करायचा झाल्यास सभेचा ठराव लागत नव्हता. आगाऊ अर्ज आणि अध्यक्षांची संमती पुरेशी होती. हारुए-सानांना आमचे बोलणे कळत नव्हते. परंतु माझा चेहरा पाहून त्यांनी तिसऱ्यांदा आइस्क्रीम आणले.

पुन्हा ग्योतोकु

अर्ज मी लिहिला आणि या वेळी मृण्मयीला त्यात क्षमायाचना घालावी लागली नाही. किकुची-सानांनी तो दाराशी उभ्या उभ्या वाचला, खिशातून शिक्का काढून उमटवला आणि म्हणाले, "माझ्या बहिणीच्या त्या खोलीत मी तीसेक वेळा झोपलो असेन. हे मला सुचले नाही." त्यांची ही कबुली मी माझ्या फाईलमध्ये लावलेली नाही, पण मनात जपलेली आहे.

अडचण वेगळीच निघाली. हिवाळ्यात अशा खिडक्यांना मोठी मागणी असते. कारागीर येऊन मापे घेऊन गेला. खिडकी तयार होऊन येणार ती फेब्रुवारीच्या अखेरीस. बाळाची तारीख त्याच्या थोडी आधीची. मी रोज विचारणा करणारे पत्र पाठवण्याच्या तयारीत होतो. मृण्मयीने कोरे कागद कपाटात ठेवून कुलूप लावले. नलिनी रोज सकाळी काच टिपत होती.

बाळ तर तारखेच्याही आधी आले. मुलगी झाली, दोघीही सुखरूप होत्या. तिकडे बाळ-बाळंतिणीला काही दिवस इस्पितळातच ठेवतात. किकुची-सानांना ही बातमी लिफ्टमध्ये मी खाणाखुणांनी दिली. ते वाकले आणि निघून गेले. मागाहून कळले, की त्यांनी कारखान्याला स्वतः फोन केला होता, आणि अनिरुद्धच्या मते तो फोन बराच वेळ चालला होता. फाईल बाळगणारा, आपल्याच जातीचा माणूस असला की असा उपयोग होतो.

मायलेकी घरी यायच्या दिवशी सकाळी कारागीर खिडकी घेऊन आला. चहा होईतो तिचे दोन पल्ले आतल्या चौकटीत बसलेही होते. जुनी खिडकी बाहेर जशीच्या तशी. तिला कोणी हात लावला नव्हता. कारागीर गेल्यावर नलिनीने देवापुढची उदबत्ती उचलली आणि खिडकीच्या कडेकडेने फिरवली. धूर सरळ उभा राहिला. मग ती भिंतीतल्या झरोक्यापाशी गेली. तेथे धूर हलकेच खोलीच्या आतल्या बाजूला वाकला.

"हे उघडंच ठेवायचं ना?" तिने विचारले.

"उघडेच. कायदा आहे."

"आणि माझी शेगडी? ओव्याची धुरी?"

निखारे त्या घरात चालणार नाहीत हे तिला ठाऊक होते. प्रश्न मला अडचणीत टाकण्यापुरता होता. उत्तर असाहिकावाहून आले. हारुए-सानांनी गरम पाणी भरून अंथरुणात ठेवायचा एक पत्र्याचा चपटा डबा पाठवला होता आणि त्याला स्वतः विणलेली गवसणी होती. रंग तपकिरी. टाके नलिनीच्या मफलरासारखे. नलिनीने गवसणी उलटीपालटी करून पाहिली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली. मृण्मयीच्या पाठीशी तो डबा पुढे रोज राहिला. ओवा धुरीऐवजी जेवणाच्या पानात आला.

त्या खोलीत मी रोज सकाळी एकदा जात असे. काचेच्या खालच्या कडेवरून बोट फिरवी. बोट कोरडे येई. मग बाळाकडे पाही. तिचे नाव अजून ठरायचे होते. ती मुठी मिटून, भुवया आवळून झोपे, जणू कोणाला तरी पत्र लिहावयाचे आहे. भिंतीच्या कोपऱ्यात पुन्हा ठिपका उमटला नाही.

आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी किकुची-सान आले. मंडळातर्फे लिफ्टमध्ये एक सूचना लावायची होती: हिवाळ्यात घरातील झरोके बुजवू नयेत. मजकुराखाली त्यांनी स्वतः एक चित्र काढले होते. चष्मा आणि मिशा असलेले एक वृद्ध गृहस्थ खुर्चीवर चढून भिंतीच्या भोकात मफलर कोंबत आहेत. लावण्यापूर्वी संबंधितांची संमती घेणे त्यांना आवश्यक वाटले होते.

मी चित्र नीट तपासले. मिशा मान्य केल्या. खुर्चीवर मी चढलो नव्हतो, हे अनिरुद्धमार्फत निदर्शनास आणले; ती त्यांनी तेथेच खोडली. मफलर काळा दाखवला होता, तो तपकिरी असल्याचे सांगितले. त्यांनी खिशातून रंगीत पेन्सिल काढली, दाराच्या चौकटीवर कागद टेकवून मफलर रंगवला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला.

आता रंग बरोबर होता. मात्र मफलराला गोंडे एकाच टोकाला दिसत होते. नलिनीने ते दोन्ही टोकांना लावलेले आहेत. मी बोट उचलले आणि तोंड उघडले.

"अहो, हळू," आतून नलिनीचा आवाज आला. "आत्ता कुठे झोपलीय."

मी बोट खाली केले. किकुची-सानांनीही ओठांवर बोट ठेवले, आवाज न करता वाकले आणि पाऊल न वाजवता लिफ्टकडे गेले. ती हरकत नोंदवायची राहून गेली. अजून राहिलीच आहे.